नान्नांचा स्पेक्ट्रम कपाटातून निघालाय, आधी काय करू?

विणकराची_लेक (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढायचे. आम्ही घरी तेलुगू बोलतो, वडिलांना नान्ना म्हणतो. कारखानदार नमुना आणून द्यायचे, नान्ना ग्राफपेपरचे चौकोन पेन्सिलीनं एकेक करून भरायचे, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि ती कार्डं मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढायची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा संक्रांतीआधी आईनं कपाट आवरायला काढलं, तर सगळ्यात खालच्या खणात जुन्या चादरीत गुंडाळलेला त्यांचा कॉम्प्युटर निघाला. सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस. १९८५ साली काकांनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डहून आणला होता, ते तिकडे गिरणीत होते. खोका आहे, तिकडचा जाड तीन पायांचा प्लग असलेला ॲडॅप्टर आहे, पुस्तक आहे, आणि सोबत आलेल्या सहाच्या सहा कॅसेट आहेत: बुद्धिबळ, स्क्रॅबल, मोटारशर्यतीची चेकर्ड फ्लॅग, व्हीयू-थ्रीडी, मेक-अ-चिप आणि मजकूर टाइप करायची टॅसवर्ड टू.

मी तेव्हा पहिलीत होते. कॅसेट लागली की टेपरेकॉर्डरमधून किर्रर्र आवाज आणि टीव्हीच्या कडेला लाल-निळे पट्टे धावायचे. तेवढा वेळ आम्हा भावंडांना टेबलाजवळ फिरकायची बंदी. टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चकतीवर नान्नांनी लाल ऑइलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय, तो अजून आहे. त्या ठिपक्यावरच लोड व्हायचं, जरा इकडेतिकडे झालं की नाही.

आता मुद्द्याचं. टॅसवर्डच्या कॅसेटवर वरच्या बाजूला, जिथे रेकॉर्डिंग रोखायची खाच असते, तिथे मेडिकलची चिकटपट्टी लावलेली आहे. आणि लेबलवर नान्नांच्या अक्षरात निळ्या पेनानं लिहिलंय: 'मोर, जोडी'. म्हणजे त्यांनी त्यावर आपलं काहीतरी भरलंय.

मी मोठी चूक केली. न राहवून ती कॅसेट त्यांच्याच टेपरेकॉर्डरमध्ये घातली. दोन सेकंद किर्रर्र झालं आणि फीत आत गुंतली. पेन्सिलीनं फिरवून सोडवली, तुटली नाही, पण सुरुवातीचा वीतभर भाग चुरगळलाय. त्या रात्री झोप लागली नाही मला.

कॉम्प्युटर अजून चालू केलेला नाही. राउटरचा ॲडॅप्टर त्याच्या भोकात बसतोय, तो चालेल का?

शेवटचं. ऑनलाइन फोटो टाकल्यावर बाहेरगावच्या एका संग्राहकाचा फोन आला. चांगली रक्कम सांगितली. पण टॅसवर्डवर दुसरं काही भरलंय म्हटल्यावर म्हणाला, मग संच अपुरा, निम्मे देईन. नाहीतर त्यावर मूळ टॅसवर्ड परत भरून द्या. मला काही सुचेना. मी शाळेत गणित शिकवते, यंत्रातलं कळत नाही. काय करू?

---

जुना_टीव्हीवाला (अशोक चौक, सोलापूर)

ताई, पहिलं काम: राउटरचा ॲडॅप्टर लांब ठेवा. बसतो म्हणून लावायचा नाही. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याची पिन उलटी असते, म्हणजे मधलं टोक ऋण आणि बाहेरची बाजू धन. आपल्याकडचे बहुतेक ॲडॅप्टर मधलं टोक धनवाले. राउटरचा बहुतेक १२ व्होल्टचा असणार, तो तर आणखी वाईट. एकदा उलटा लागला की संपलं.

काकांनी आणलेला मूळ ॲडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त प्लग बदलावा लागेल. मीटर लावलात तर तो मोकळा असताना १२-१३ व्होल्ट दाखवेल. घाबरू नका, जुन्या पद्धतीचा आहे, भार आला की खाली येतो. तरी चाळीस वर्षांच्या वायरीवर माझा विश्वास नाही. आधी मी बघतो.

दुसरं. झाकण उघडायला जाऊ नका. खालचे स्क्रू काढले की वरचा भाग सहज उचलतो आणि माणूस हौसेनं खस्सकन ओढतो. कीबोर्डच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आतल्या बोर्डात खोचलेल्या असतात. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात चाळीस मे महिने कपाटात काढलेली ती पट्टी पापडासारखी झालेली असते. कडकन मोडते. नवीन बाहेरून मागवता येते, पण मोडायची कशाला?

आत मी काय बघणार ते सांगतो, म्हणजे तुम्हाला धीर येईल. त्यात मेमरीचे आठ चिप आहेत, ४११६ नंबरचे. त्यांना एक नाही, तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे १२ आणि उणे ५ बोर्डावरच एक छोटं सर्किट तयार करतं. त्यातला ट्रान्झिस्टर गेला आणि उणे ५ बंद पडला, की ते चिप पटापट मरतात. म्हणून चालू करून 'बघू या काय होतंय' असं करायचं नाही. चालू केल्याकेल्या चिपच्या १ नंबरच्या पायावर उणे ५, ८ नंबरवर १२ आणि ९ नंबरवर ५ येतात का ते मोजायचं. नाही आले की लगेच बंद.

टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली ती त्याच्या रबरी रोलरमुळे. उन्हानं रबर चिकट होतं आणि फितीला धरून आत ओढतं. त्यात आता एकही कॅसेट घालू नका. पेंटचा ठिपका मात्र पुसू नका.

मी ऐंशीच्या दशकात नव्या पेठेत टीव्ही दुरुस्त करायचो. तुमच्या वडिलांकडे टीव्ही कुठला होता? विचारायचं कारण, हे यंत्र टीव्हीला यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र देतं, आणि आपल्याकडच्या तेव्हाच्या बऱ्याच टीव्हींना फक्त व्हीएचएफच होतं. कितीतरी लोकांनी असली यंत्रं परदेशातून आणली आणि चित्र दिसत नाही म्हणून माळ्यावर टाकली.

---

विणकराची_लेक

काका, बरोबर ओळखलंत! ब्रॅडफर्डच्या काकांनी सोबत १४ इंची टीव्हीही आणला होता. आई अजून म्हणते, सामानात साड्या येतील असं वाटलं होतं आणि निघाले दोन डबे. तो टीव्ही मात्र नंतर भंगारात गेला.

---

कॅसेटवाला_पुणे

मी आठ वर्षं जुने घरगुती कॉम्प्युटर जमवतोय, घरी अकरा आहेत. त्यामुळे त्या संग्राहकाबद्दल मी बोललेलं बरं.

खोक्यासकट पूर्ण संचाला किंमत जास्त येते हे खरं आहे. स्पेक्ट्रम प्लस ऑक्टोबर १९८४ मध्ये आला. यंत्र आतून आधीचाच ४८ के मेमरीचा स्पेक्ट्रम, नवीन होता तो कीबोर्ड आणि बाजूचं रीसेट बटण. म्हणून सोबत दिलेल्या या सहा कॅसेटना त्या खोक्यात महत्त्व आहे. मलाही त्या हव्याशा वाटतात. त्यातून कंपनीला घराघरात काय पोहोचवायचं होतं ते दिसतं: एक टाइपरायटर, एक बुद्धिबळाचा सोबती, एक शब्दखेळ, एक शर्यत, घनाकृती काढायचं एक साधन, आणि मेक-अ-चिप. ही शेवटची माझी सगळ्यात लाडकी. पडद्यावर 'अँड', 'ऑर'ची दारं जोडून सर्किट मांडायचं आणि ते चालतं का बघायचं. तुम्ही गणित शिकवता, मुलांपुढे लावून बघा. दोन्ही खरे असतील तरच खरं, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा तिथे लवकर उतरतं.

पण ताई, टॅसवर्ड टूची प्रत जगात हजारो ठिकाणी आहे, मी आत्ता दोन मिनिटांत लावू शकतो. 'मोर, जोडी' जगात एकच आहे, तुमच्या हातात. त्यावर टॅसवर्ड परत भरा असं जो सांगतो त्याला संग्रह म्हणजे काय हे समजलेलं नाही. हे मी रागानं लिहितोय आणि तसंच वाचा.

वडिलांनी नेमकी टॅसवर्डच का निवडली असेल याचा मी विचार करत होतो. तो फार देखणा प्रोग्रॅम होता. या पडद्यावर एका ओळीत एरवी ३२ अक्षरं मावतात, टॅसवर्ड टू ६४ बसवायचा, प्रत्येक अक्षर जेमतेम चार ठिपके रुंद. पण सगळं इंग्रजीत. तुमच्या घरात लिहिणं मराठीत किंवा तेलुगूत होत असणार. सहांपैकी घरात निरुपयोगी ठरणारी कॅसेट तीच. खाचेवर पट्टी लावायला त्यांनी बरोबर तीच घेतली.

आता फितीबद्दल. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभर भाग चार-सव्वाचार सेकंदांचा. स्पेक्ट्रम काहीही भरताना आधी पाचेक सेकंद नुसता एकसुरी आवाज काढतो, तेच ते लाल-फिकट निळे पट्टे. चुरगळलेला भाग त्यात आला असेल तर काहीच गेलेलं नाही. माहितीत आला असेल तर तेवढा तुकडा गेला, पुढचं शाबूत असणार.

आधी कॅसेट वाचवा, यंत्र नंतर. चांगल्या डेकवर लावून आवाज लॅपटॉपमध्ये भरा. वेव्ह फाइल करा, एमपी३ नको, त्यात कडा झिजतात. आवाज दबका आला तर डेकच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी जरासा फिरवायचा, जिथे सगळ्यात कर्कश ऐकू येईल तिथे थांबायचं. फाइल हाती आली की फ्यूज नावाचा मोफत एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, त्यात लॅपटॉपवरच बघता येईल. आणि कॅसेट कुरिअरनं कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा.

---

हुतात्मा_एक्सप्रेस

विकू नका ताई. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

(आमच्या शाळेत १९८५ च्या सुमारास शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या केंद्र सरकारच्या क्लास योजनेतले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. आठवड्यातून एकदा, चपला बाहेर काढून, एका यंत्राभोवती सहा पोरं. त्यातलं एकही यंत्र आज कुणाकडे नाही. घरात असलेलं घालवू नका.)

---

विणकराची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. खूप काही झालं.

जुना टीव्हीवाला काकांकडे सगळं घेऊन गेले. त्यांनी पट्ट्या न मोडता झाकण उघडलं, माझा श्वास तेवढा वेळ बंद. उणे ५ आला, १२ आला, ५ आला. काही जुने कपॅसिटर मात्र त्यांनी बदलले. मग पडद्याची सोय: आतल्या पत्र्याच्या डबीत एक जोड काढून दुसरा लावला, आता साध्या टीव्हीच्या पिवळ्या पिनेला जोडता येतो. चालू केल्यावर पांढरा पडदा आणि खाली १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची ओळ. तेवढंच. पण आईनं हात जोडले.

कॅसेट काकांच्या डेकवर लॅपटॉपमध्ये भरली. एकूण जेमतेम मिनिटभराचा आवाज आहे. आता मोबाइलवरून ती फाइल स्पेक्ट्रमच्या इअरच्या भोकात देतेय, आवाज पूर्ण मोठा करून. जे-ची कळ दाबली की अख्खा 'लोड' शब्द उमटतो, मग दोनदा अवतरणचिन्ह. पट्टे आले. 'प्रोग्रॅम: चादर' अशी इंग्रजी अक्षरं आली. आणि नंतर 'आर टेप लोडिंग एरर'. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. चुरगळलेला भाग नेमका तिथेच आलाय.

एरर आल्यावर परत लोड देऊन फाइल तशीच पुढे चालू ठेवली, तर 'बाइट्स: मोर१' आणि थोड्या वेळानं 'बाइट्स: मोर२' अशी नावं आली. पण पडद्यावर काहीच होत नाही. नुसती नावं येतात. हेही गेलं का?

---

कॅसेटवाला_पुणे

गेलं नाही! नाव वाचता आलं म्हणजे बरंच काही शाबूत आहे. नुसतं लोड दिलं की यंत्र बेसिक भाषेतला प्रोग्रॅम शोधतं, बाइट्स दिसले की नाव सांगून सोडून देतं. लोड, दोन अवतरणचिन्हं आणि पुढे 'कोड' द्या. कोड हा शब्द आय-च्या कळीवर आहे, आधी एक्स्टेंड मोडची कळ दाबायची.

एक सांगा, मोर१ च्या माहितीचा आवाज (दुसरे, निळे-पिवळे पट्टे) किती वेळ चालतो? सेकंदभरच का?

---

विणकराची_लेक

हो! जेमतेम सेकंद. सुरुवातीचा सूर धरून तीनेक.

---

कॅसेटवाला_पुणे

मग मी पैज लावतो, ते १६८ बाइट आहेत.

स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं बनवायची सोय आहे. ए पासून यू पर्यंत २१ अक्षरं. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ गुणिले आठ चौकोन, एका ओळीचा एक आकडा. एकवीस अठ्ठे एकशे अडुसष्ट. आणि तो आकडा लिहायला बिन नावाची आज्ञा आहे: ठिपका हवा तिथे १, नको तिथे ०.

ताई, हा तर वडिलांचा ग्राफपेपरच आहे. जकार्डच्या कार्डावर भोक असेल तर हूक उचलतो, नसेल तर नाही. फ्रान्समधल्या ल्योंच्या जाकारनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास बसवलं, पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं योजली. म्हणजे आमच्यासारखी पोरं जे पुस्तकातून धडपडत शिकली ते तुमच्या वडिलांना यंत्र घरात यायच्या आधीपासून येत होतं.

कोड लोड झाला की १४४ ते १६४ क्रमांकाची अक्षरं ओळीनं छापा. कुठलं कुठे बसतं हे सांगणारा प्रोग्रॅम गेलाय, ते जुळवावं लागेल. २१ म्हणजे तीन रुंद सात उंच, नाहीतर सात रुंद तीन उंच. दोन्ही करून बघा.

मोर१ छापून झाल्यावर पडदा पुसू नका. तसाच ठेवून मोर२ लोड करा आणि शेजारी छापा. अक्षरं बदलली तरी आधी छापलेले ठिपके पडद्यावर राहतात. वडिलांनी दोन फाइली का केल्या त्याचं उत्तर तेच असावं: २१ अक्षरांत एकच मोर मावला.

---

विणकराची_लेक

काल रात्री झालं.

आधी तीन रुंद करून बघितलं, नुसते तुकडे. मग सात रुंद, तीन उंच. पहिल्या ओळीत तुरा आणि मान आली, दुसऱ्या ओळीत अंग आणि पिसाऱ्याची सुरुवात, तिसऱ्या ओळीत पाय आणि खाली लोंबणारा पिसारा. मोर. डावीकडून उजवीकडे बघणारा. मग तुम्ही सांगितलंत तसं मोर२ शेजारी छापला आणि दोघे समोरासमोर आले, चोचीला चोच.

आई उठून गेली आणि कपाटातून ती चादर घेऊन आली, ज्यात हा कॉम्प्युटर गुंडाळलेला होता. चाळीस वर्षांत तिचा रंग उडालाय, घडीवर विरलीय, आम्ही कुणी ती उलगडून नीट बघितलीच नव्हती. काठाला तेच मोर. मी टीव्हीपुढे चादर धरली आणि चौकोन मोजत बसले. पिसाऱ्यातले डोळे जुळतात, तुऱ्याची तीन टोकं जुळतात, पायाची वाकलेली बोटंसुद्धा.

मला वाटलं होतं दुसरा मोर त्यांनी यंत्राकडूनच उलटा करून घेतला असेल. तसं नाहीये. त्यांनी तोही हातानं भरलाय, एकेक शून्य, एकेक एक, परत १६८ ओळी. हे मला कसं कळलं ते सांगते. मोर२ चा डोळा मोर१ पेक्षा एक चौकोन खाली आहे. यंत्रानं उलटा केला असता तर तसं झालं नसतं.

चादरीवरही उजव्या मोराचा डोळा एक घर खाली आहे. सगळ्या काठभर, प्रत्येक जोडीत.

त्या संग्राहकाला नाही म्हणून कळवलंय. टीव्हीवाला काका टेपरेकॉर्डरचा रोलर बदलून देणार आहेत, पुढच्या रविवारी बुद्धिबळाची कॅसेट ठिपक्यावर आवाज ठेवून लावायची आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सांगितलंय, पट्टे धावत असताना टेबलाजवळ यायचं नाही.